चरबीची पेशी जात नाही, बारीक होते: हे धरून डाएट कसं आखायचं

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक करायचे, मायक्रोटोमवर कापायचे, रंगवायचे आणि तयार स्लाइडचा ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, हे रोजचं काम. त्यामुळे चरबी मला आधी पेशी म्हणून दिसते, किलो म्हणून नंतर. वजन मीही उतरवलंय आणि बऱ्यापैकी टिकवलंय, पण ती कहाणी इथं नको. चरबीच्या पेशीचं वागणं डोळ्यासमोर ठेवलं तर डाएट आखताना काय काय बदलतं, तेवढंच सांगते.

आधी पेशी बघून घ्या

काम करणाऱ्याच्या दृष्टीनं चरबी म्हणजे कटकट. तुकडा सडू न देणारं फॉर्मॅलिन आत लवकर शिरत नाही. तुकडा जरा जाड घेतला की प्रोसेसिंग अर्धवट राहतं, ब्लॉक मऊ लागतो आणि पात्याखाली सेक्शन फाटतं. ब्लॉक बर्फावर गार करून, हात हलका ठेवून चार-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा काढावा लागतो. एवढा खटाटोप करून स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली तर आत काहीच नाही! नुसती पांढरी भोकं, एकमेकांना खेटून, कडेला गुलाबी रेघ. प्रोसेसिंगमध्ये झायलिन वापरतात आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून निघून जाते, म्हणून ही भोकं. पेशी जिवंत असताना त्या भोकात एकच मोठा तेलाचा थेंब होता, आणि पेशीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग त्यानंच व्यापला होता. बिचारं केंद्रक कडेला दाबलं जाऊन चपटं झालेलं, अंगठीवरच्या खड्यासारखं एका बाजूला. चरबीच दाखवायची असेल तर मेणात न घालता गोठवून सेक्शन काढायचं आणि ऑइल रेड ओ हा चरबीला धरणारा रंग लावायचा. मग तेच थेंब लालभडक दिसतात.

आकाराचा अंदाज घ्यायला स्लाइडवर आयती मोजपट्टी असते ती रक्तातल्या लाल पेशीची. तिचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन. चरबीची पेशी ५० पासून १५० मायक्रॉनपर्यंत असू शकते. १०० मायक्रॉनची धरली तर तिच्या रुंदीत तेराएक लाल पेशी ओळीनं बसतात. शंभर मायक्रॉन म्हणजे एक दशांश मिलिमीटर; पेशींच्या जगात हा आकार अवाढव्य आहे.

आता इथं एक छोटं गणित आहे आणि ते डाएट करणाऱ्या प्रत्येकानं एकदा करून बघावं. गोलाचं घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. १०० मायक्रॉनची पेशी ९० मायक्रॉनची झाली तर व्यास घटला दहाच टक्के, पण आतलं तेल घटलं २७ टक्के. ८० मायक्रॉनवर आली तर जवळजवळ निम्मं तेल गेलं. स्लाइडवर १०० आणि ९० मधला फरक मोजल्याशिवाय माझ्या डोळ्यांनाही सांगता येणार नाही. आरशात काही दिसत नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांना मी हेच गणित कागदावर करून दाखवते.

पेशी मोजल्या कोणी?

लॅबमधल्या एका ज्युनियर मुलीनं मला विचारलं होतं, “ताई, दहा किलो उतरवले तर तेवढ्या पेशी मरतात ना? मग त्या जातात कुठं?” मी म्हटलं, “अगं, वजन उतरवल्यानं मरत नाहीत. रिकाम्या होतात.” तिचा विश्वास बसेना. तिचंही बरोबर होतं. हे ठरवायला शास्त्रज्ञांनाही बराच वेळ लागला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ज्यूल्स हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्वचेखालून सुईनं चरबीचे बारीक नमुने काढून पेशी मोजायला सुरुवात केली. वजन उतरलेल्या लोकांत पेशींचा आकार घटलेला दिसला, संख्या होती तशीच. तरी एक शंका उरत होती. जुन्या पेशी मरत असतील, नव्या येत असतील आणि बेरीज तेवढीच राहत असेल तर?

त्याचा निकाल २००८ मध्ये लागला, आणि तोही अणुबॉम्बच्या कृपेनं. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला होता. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हा कार्बन वनस्पतींत शिरतो, तिथून अन्नात, अन्नातून आपल्यात. पेशी जन्माला येते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतलं प्रमाण कायमचं नोंदलं जातं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग, पीटर आर्नर आणि त्यांच्या गटानं या खुणेवरून चरबीच्या पेशींचं वय काढलं. निष्कर्ष असा, की पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते, विशीनंतर ती जवळपास स्थिर राहते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन करून भरपूर वजन घटवलेल्या लोकांचीही चरबी त्यांनी दोन वर्षांनी तपासली. पेशी आकारानं लहान झाल्या होत्या. संख्या हललेली नव्हती.

म्हणजे वजन उतरवल्यावर तुमच्याकडे असतात त्या अब्जावधी अर्धवट भरलेल्या पेशी. याच एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे: उतरवण्याची योजना काही महिन्यांची असते, पण या पेशींबरोबर राहायची योजना कित्येक वर्षांची करावी लागते.

तेल बाहेर कसं पडतं

जेवण झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं. इन्सुलिनचा चरबीच्या पेशीला आदेश सरळ असतो: साठव, बाहेर काढू नकोस. काही तास गेले, इन्सुलिन उतरलं, आणि मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन हे साठा मोकळा करायला सांगणारं रसायन आलं की काम उलटं सुरू होतं. तेलाच्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचा पहारा असतो, तो सैल होतो. मग तीन एन्झाइम एकामागून एक कामाला लागतात. पहिलं एटीजीएल, त्याचा शोध तर २००४ मधला. दुसरं एचएसएल. तिसरं उरलंसुरलं आवरतं. ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवलेल्या तेलाच्या, एका रेणूचे तीन फॅटी अॅसिड आणि एक ग्लिसरॉल असे भाग होतात. फॅटी अॅसिड रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून स्नायूंकडे, हृदयाकडे, यकृताकडे जातात. ग्लिसरॉलपासून यकृत साखर बनवू शकतं.

इथं बरेच जण फसतात. पेशीतून तेल बाहेर पडलं म्हणजे ते जळलं असं नाही. स्नायूंनी वापरलं नाही तर ते परत येऊन पेशीत बसतं. हे जाणं-येणं वजन स्थिर असतानाही अखंड चालू असतं. कार्बन-१४ वापरूनच २०११ मध्ये असं दिसलं, की पेशीतल्या चरबीचं सरासरी वय दीडएक वर्ष भरतं. पेशी जुनी, पण आतला माल सतत बदलणारा. तेव्हा सकाळी उपाशीपोटी चाललात की रात्री जेवून चाललात, याला मी फारसं महत्त्व देत नाही. चोवीस तासांचा, आठवड्याचा हिशेब उणे आहे का, हे महत्त्वाचं. उपवासाचे तास लावून घेतल्यानं कुणाचं खाणं आपोआप कमी होत असेल तर खुशाल करावं. तासांत स्वतंत्र जादू नाही.

आणि जळलेली चरबी शरीराबाहेर पडते ती मुख्यतः नाकावाटे. १० किलो चरबीचं पूर्ण ज्वलन झालं तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेलं १.६ किलो पाणी बनतं. घाम हा शरीर गार ठेवायला असतो. प्लॅस्टिकचा पट्टा बांधून पोट घामेजवणाऱ्यांचं पाणी कमी होतं आणि पेला भरून प्यायले की परत येतं.

तूट ठरवताना

एक किलो चरबीचा थर म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. रोज ५०० ची तूट ठेवली, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाल्लं, तर आठवड्याला साडेतीन हजार, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. दहा किलोंना ७७,००० लागतात. कागदावर पाच महिने, प्रत्यक्षात जास्त, कारण वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो. सुरुवातीला जी ५०० ची तूट होती ती काही महिन्यांनी तेवढंच खाऊनही तीनशे किंवा त्याहून कमी उरलेली असू शकते. त्यामुळे वजन अडकलं असं वाटलं तर आधी हिशेब नव्या वजनाप्रमाणे मांडा. महिन्यात दहा किलोंची जाहिरात दिसली तर हाच भागाकार करा. रोज अडीच हजारांच्या वर तूट लागेल, आणि कितीतरी लोकांचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, त्यावर हुरळून जाऊ नका. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं, विशेषतः पिष्टमय पदार्थ कमी केले, की हे आधी जातं. दीड-दोन किलो सहज. चरबीच्या पेशींनी अजून फार काही दिलेलं नसतं. एखाद्या समारंभाला जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला तर तोही याच हिशेबातला. एका दिवसात किलोभर चरबी साठवायची तर गरजेपेक्षा ७,७०० जास्त खावं लागेल. ते कुणाकडूनही एका जेवणात होत नाही.

वजन घ्यायची माझी पद्धत सांगते, लॅबच्या सवयीतून आलेली. एकच काटा, एकच जागा, टणक फरशी. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी. रोज टिपायचं, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. दोन आठवड्यांच्या सरासऱ्यांची तुलना केल्याशिवाय खाण्यात काही बदलायचं नाही. महिन्यातून दोनदा टेपनं कंबर: बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप आवळायची नाही. बायकांनी पाळीच्या दिवसांतली नोंद मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी लावून बघावी. मधल्या आठवड्याशी लावली तर पाण्यामुळे उगाच घाबरायला होतं.

वेगाबद्दल माझं मत पक्कं आहे: आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. दीड किलोच्या वर सतत गेलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. पित्ताशयाच्या ज्या पिशव्या आमच्याकडे येतात त्या उघडल्यावर आतले पिवळे, तपकिरी खडे बघितले की ही सूचना पुस्तकी राहत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकाचं डाएट देतात तो प्रकार वेगळा. तो घरी स्वतःच्या बुद्धीनं करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोसबद्दल विचारून घ्या, नंतर नव्हे. गरोदरपणात डाएट नाहीच.

किती उतरवायचं

पेशीच्या बाजूनं बघितलं तर उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा लहान आहे. तुडुंब भरलेली पेशी बिघडते. इन्सुलिनचं ऐकेनाशी होते, तेल सांभाळून ठेवण्याऐवजी गळू देते, आणि ते मग यकृतात, स्नायूंत जाऊन बसतं. आसपास मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, जमतात. २००३ पासून हे नीट माहीत आहे. मरायला टेकलेल्या पेशीभोवती त्यांचं कडं पडलेलं स्लाइडवर सुद्धा ओळखू येतं: एका पांढऱ्या भोकाभोवती गडद ठिपक्यांची गर्दी, शेजारची भोकं मात्र मोकळी. पेशी बारीक झाली की अॅडिपोनेक्टिन हे तिचं चांगलं हार्मोन पुन्हा वाढू लागतं. म्हणून मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरवल्यावरच रक्ताचे रिपोर्ट सुधारायला लागतात. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमच्या २००२ च्या निकालात लक्ष्य होतं सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ९० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सव्वासहा किलो. लग्नातल्या फोटोपर्यंत परत जायची गरज नाही.

पेशींचा आकार महत्त्वाचा, नुसते किलो नव्हेत, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. २००४ मध्ये १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची दहा किलोंच्या आसपास चरबी लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं शोषून, काढली आणि तीन महिन्यांनी तपासण्या केल्या. इन्सुलिनची संवेदनक्षमता, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, कशातही सुधारणा नाही. पेशी उचलून नेल्या होत्या. उरलेल्या तशाच भरलेल्या. तेवढंच वजन डाएटनं गेलं असतं तर प्रत्येक पेशी थोडी थोडी बारीक झाली असती. शिवाय पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी लायपोसक्शनच्या नळीला लागतच नाही.

आणि नेमकी ती आतली चरबी डाएटला लवकर दाद देते. तिच्या पेशी नॉरअॅड्रेनालिनला पटकन उत्तर देतात आणि इन्सुलिनचा रोखणारा आदेश कमी मानतात. मांड्या-नितंबांच्या पेशींवर चरबी सोडायला विरोध करणारे अल्फा-२ रिसेप्टर (संदेश घेणारे रेणू) जास्त असतात, म्हणून तिथली चरबी, खास करून बायकांची, शेवटपर्यंत चिकटून राहते. ती तुलनेनं निरुपद्रवी आहे. तिच्यावर राग काढू नका. कुठली चरबी आधी जाणार हे तुम्हाला निवडता येत नाही. पोटाचे व्यायाम केल्यानं पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरचा थर मात्र आपल्या क्रमानंच जातो.

स्नायू वाचवा

नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायूही आले. तेल जाळणारा स्नायूच घटवून बसलात तर पुढं टिकवणं अवघड जातं. उपाय दोन आणि दोन्ही लागतात. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, दिवसाच्या सगळ्या जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम: उठाबशा, जोर, वजनं, रबरी पट्टा, जे जमेल ते, पण शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. चालणं चांगलंच, पण ते याची जागा घेत नाही.

बारीक झालेल्या पेशींची तक्रार

चरबीची पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते. रॉकफेलरच्याच जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ मध्ये ते शोधलं. साठा किती आहे ही खबर ते मेंदूला देतं. खाणं कमी केलं की काही दिवसांतच लेप्टिन घसरतं, गेलेल्या चरबीच्या मानानं कितीतरी जास्त. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. भूक वाढवतो, खर्च कमी करतो, हातापायांची चुळबुळसुद्धा कमी होते.

हे किती काळ चालतं? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पन्नास लोकांनी दहा आठवडे कडक डाएट केलं. त्यानंतर वर्षभरानंही त्यांचं लेप्टिन मूळ पातळीखाली, भुकेचं घ्रेलिन वर आणि प्रत्यक्ष भूक जास्त होती. त्याच्या कितीतरी आधी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. शरीराच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर स्नायू भरून यायच्या आधी चरबी आली आणि ती पहिल्यापेक्षा जास्त आली. कडक डाएट, मग मोकाट, मग पुन्हा कडक, या चक्राची मला भीती वाटते ती म्हणूनच.

त्यात २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. ऑपरेशननं भरपूर वजन घटलेल्या माणसांच्या चरबीत दोन वर्षांनंतरही जनुकांच्या वागण्यातले स्थूलपणाच्या काळातले काही बदल तसेच होते. उंदरांमध्ये तर डीएनएभोवतीच्या रासायनिक खुणांमध्येही ते सापडले, आणि असे उंदीर चरबीयुक्त खाण्यावर इतरांपेक्षा लवकर फुगले. पेशीला जुने दिवस आठवतात म्हणा.

हे वाचून खचायचं कारण नाही, पण वेळापत्रक बदलायला हवं. तीन-चार महिने उतरवा, पाच ते दहा टक्क्यांवर थांबा. मग पुढचे निदान तेवढेच महिने एकही ग्रॅम उतरवायचा नाही, आहे ते वजन धरून ठेवायचं. तूट काढून टाकताना रोजचं खाणं एकदम नव्हे, दर आठवड्याला शंभर-दीडशे किलोकॅलरींनी वाढवत जा, सरासरी स्थिर झाली की थांबा. या काळात भूक लागणारच. इच्छाशक्ती कमी पडतेय असं समजून स्वतःला दूषणं देण्याऐवजी भुकेची तजवीज करा. पाणी आणि चोथा जास्त असलेलं अन्न, प्रथिनं, ठरलेल्या वेळा, पुरेशी झोप. पुन्हा उतरवायचं असेल तर त्यानंतर दुसरा टप्पा.

वजन टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवणारी नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री अमेरिकेत १९९४ पासून आहे. त्यात सारखी दिसणारी लक्षणं कंटाळवाणी आहेत: नियमित वजन करतात, रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, खाण्यापिण्यात सुट्टीला आणि कामाच्या दिवशी फार फरक ठेवत नाहीत. मी स्वतःसाठी एक रेषा आखून ठेवली आहे. सात दिवसांची सरासरी धरलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेली की त्याच आठवड्यात तूट सुरू. थोड्या वाढीत मुख्यतः आहेत त्याच पेशी भरत असतात. वाढ बरीच झाली आणि पेशींना फुगायला जागा उरली नाही, तर मोठ्या वयातही नव्या पेशी तयार होऊ शकतात, आणि आलेली पेशी डाएटनं घालवता येत नाही.

हल्लीच्या इंजेक्शनांबद्दल लोक मला लॅबमध्ये येऊन विचारतात, जणू मीच लिहून देणार आहे! सेमाग्लुटाइड या औषधानं भूक खरोखर कमी होते आणि वजन उतरतं. पण पेशी तिथंही बारीकच होतात. औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, असं त्याच्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. तेव्हा घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी ठरवताना किती वर्षं घ्यायचं हेही विचारा.

रक्त कधी तपासायचं

डाएट सुरू करायच्या आधी एकदा: साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, यकृताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या. मग लगेच पुढच्या महिन्यात धावत येऊ नका. एचबीएवनसी गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतं, त्याआधी केलं तर जुने दिवसच मोजले जातात. कोलेस्टेरॉलचंही तसंच. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइडबरोबर कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं. वजन उतरत असताना ते रक्तात येतं आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मध्येच वाढलेलं दिसू शकतं. वजन महिनाभर स्थिर राहिल्यावर जो आकडा येईल तो खरा धरा. ट्रायग्लिसराइडसाठी नमुना देण्याआधी बारा तास काही खाऊ नका, पाणी चालतं. आणि फॉर्म भरताना ‘डाएट चालू आहे’ एवढं लिहायला सांगा. लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ, निघाले तर रिपोर्ट बघणाऱ्याला कारण आधीच माहीत असेल.